घरी छापलेली ३५ मिमी बॉडी: आतले कप्पे, बाहेरची झाकणं आणि काही महिन्यांचा वापर

थ्रीडी प्रिंटरवर छापलेली, स्वतः आखलेली ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याची बॉडी गेले काही महिने सतत वापरतोय. पुढे एका जुन्या घडीच्या कॅमेऱ्यातून काढलेलं लीफ शटरचं (म्हणजे लेन्सच्या आतच पाकळ्यांनी उघडझाप होणारं) लेन्स आहे. ते आपलं काम चोख करतं, त्याबद्दल इथे काही सांगायचं नाही. सांगायचंय ते बॉडीच्या आतल्या कप्प्यांबद्दल आणि त्यांच्यावरच्या झाकणांबद्दल, कारण फिल्म सांभाळणारा भाग तोच. इतक्या वापरानंतर माझं एक मत पक्कं झालंय: प्रकाश वळणांनी अडवायचा असतो, फोमने नाही. फोम जरूर लावावा, पण तो गळून पडला तरी रोल वाचेल असं दार आखावं.

आधी कप्पे. १३५ ची, म्हणजे ३५ मिमी फिल्मची, कॅसेट साधारण २५ मिमी व्यासाची असते आणि तिच्या स्पूलचं (फिल्म गुंडाळायच्या दांडीचं) एक टोक बाहेर आलेलं असतं. कॅसेटच्या कप्प्याला मी २६ मिमी व्यास दिला. याहून घट्ट केला तर रोल संपल्यावर कॅसेट बोटांनी निघत नाही, आणि सैल सोडला तर रिवाइंड करताना (फिल्म परत कॅसेटमध्ये गुंडाळताना) कॅसेट स्वतःच फिरू बघते, तिचं मखमल लावलेलं तोंड फिल्मच्या वाटेला तिरकं होतं. म्हणून कप्प्याच्या भिंतीवर एक उभा उंचवटा ठेवलाय. कॅसेटचं तोंड त्याला टेकतं आणि तिथेच राहतं. कप्प्याच्या तळाशी बोट जाईल एवढी अर्धगोल खाच आहे. आखताना ती क्षुल्लक वाटली होती, पण प्रत्येक रोलला तिची आठवण होते.

दुसऱ्या टोकाच्या, टिपून झालेली फिल्म गुंडाळली जाते त्या कप्प्याचं माप गणिताने काढता येतं. ३६ फ्रेमचा रोल सुमारे १.६ मीटर लांब आणि फिल्मची जाडी सुमारे ०.१४ मिमी. म्हणजे कडेने बघितलं तर गुंडाळीचं क्षेत्रफळ साधारण २२४ चौरस मिमी. १४ मिमीच्या स्पूलवर ती पूर्ण चढली की व्यास २२ मिमीच्या आसपास जातो. हे घट्ट गुंडाळीचं माप झालं. प्रत्यक्षात फिल्म फुलून बसते, म्हणून हाही कप्पा २६ मिमीचाच ठेवला. शेवटच्या फ्रेमपर्यंत कुठे घासल्याचं जाणवत नाही.

फिल्म पुढे सरकवणारं दातेचाक मात्र छापलं नाही. फिल्मच्या दोन छिद्रांमधलं अंतर ४.७५ मिमी असतं, एका फ्रेमला आठ छिद्रं, म्हणजे दर फ्रेमला ३८ मिमी फिल्म सरकली पाहिजे: ३६ मिमी चित्र आणि २ मिमी मोकळी जागा. आठ दात्यांचं चाक एक फेरा फिरलं की एक फ्रेम. एवढ्या बारीक दात्यांना प्लास्टिकचे थर पुरे पडत नाहीत, त्यामुळे बंद पडलेल्या कॅमेऱ्यातलं धातूचं चाक बसवलं. फ्रेममधलं अंतर आजही सगळीकडे सारखं येतं.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे फिल्मचा मार्ग. जिथून प्रकाश फिल्मवर पडतो त्या चौकटीच्या वर आणि खाली रुळांच्या जोड्या असतात. आतल्या रुळांवर फिल्म टेकते. बाहेरचे रूळ त्यांच्यापेक्षा सुमारे ०.२ मिमी उंच असतात आणि प्रेशर प्लेट (दाराच्या आतली सपाट पट्टी) त्यांच्यावर बसते. म्हणजे ही प्लेट फिल्मला रुळांवर दाबून धरत नाही, तर तिला एका अरुंद बोगद्यातून जायला लावते. दाबून धरलं असतं तर फिल्म ओढताना ओरखडे आले असते. आता हिशोब बघा. लेन्सचं छिद्र एफ २.८ ला असताना, ०.०३ मिमीचं अंधुकतेचं वर्तुळ (बिंदू एवढा पसरला तरी धारदारच वाटतो) धरलं तर फिल्मची जागा पुढे किंवा मागे फार तर ०.०८ मिमी चुकलेली चालते. एफ ८ ला ०.२४ मिमी चालते. आणि प्रिंटरचा नेहमीचा एक थरच ०.२ मिमीचा असतो! त्यामुळे रूळ पितळी पट्ट्यांचे केले: एपॉक्सीने चिकटवले, मग काचेवर बारीक पॉलिशपेपर ठेवून बॉडी त्यावर फिरवली आणि रूळ एका पातळीत आणले. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यावर खर्च केलेला वेळ पूर्णपणे वसूल होतो. कोपऱ्यांपर्यंत चित्र सारखं धारदार येतं आणि निगेटिव्हवर रेल्वेसारख्या लांब रेघा पडत नाहीत.

लीफ शटरच्या बॉडीत एक गोष्ट पडद्याच्या शटरपेक्षा वेगळी असते. पडदा फिल्मच्या अगदी समोर असला की पुढून शिरलेला प्रकाश तिथे अडतो. इथे लेन्स ते फिल्म हा सगळा कक्ष कायम फिल्मसमोर उघडा असतो. लेन्सच्या बुडाशी केसाएवढी फट राहिली तरी तिथे थांबलेली फ्रेम तासन्‌तास तो प्रकाश पीत बसते. म्हणून लेन्स बसते त्या तबकडीलाही पायरी दिली आहे, नुसती सपाट जोडणी नाही. कक्षाच्या भिंतींना एक मिमी उंचीच्या आडव्या कडा आणि वरून मॅट काळा रंग. काळं प्लास्टिक समोरून काळं दिसतं, पण तिरक्या प्रकाशात चकाकतं. मखमल या कक्षात मुळीच लावू नये, तिचे धागे सुटून चौकटीच्या काठावर येतात आणि प्रत्येक फोटोत दिसतात.

आता मागचं दार. ते आखण्याआधी मी जुनी उत्तरं नीट बघून घेतली. १९२५ च्या लायकात दार नव्हतंच. बॉडी अखंड आणि फिल्म खालून सरकवायची, त्यासाठी लीडर (फिल्मचं सुरुवातीचं टोक) लांब कापून घ्यावा लागे. मजबुती आणि अंधार दोन्ही फुकटात मिळत, त्रास बोटांना. १९३२ च्या कॉन्टॅक्समध्ये मागची बाजू अख्खी सुटी होत असे. १९५४ च्या लायका एम ३ मध्ये तळपट्टी सुटी राहिली, पण मागे उघडणारी झडप आली, त्यामुळे फिल्म सरळ बसली का ते डोळ्यांनी दिसू लागलं. १९५९ च्या निकॉन एफमध्ये मागची बाजू आणि तळ एकत्र सरकून सुटत. पुढे बिजागरीचं दार सगळीकडे रुळलं, कारण हातात सुटा भाग उरत नाही.

मी बिजागरी निवडली आणि तिची किंमत लगेच कळली. माझ्या दाराला चहूबाजूंनी जीभ आहे आणि बॉडीला खोबण. प्रकाशाला आत यायचं तर खोबणीत उतरावं लागतं, जिभेच्या टोकाला वळसा घालावा लागतो आणि पुन्हा वर चढावं लागतं. प्रत्येक वळणावर तो मॅट काळ्या भिंतीवर आपटतो आणि क्षीण होतो. तीन बाजूंना खोबण ३ मिमी खोल आहे आणि तिथून आजवर प्रकाश आलेला नाही. पण बिजागरीच्या बाजूला जीभ सरळ आत जात नाही, कमानीत फिरत येते. तिथे खोल जीभ ठेवली तर दार मिटताच अडकतं. म्हणून त्या बाजूला जीभ फक्त १.५ मिमीची आणि किंचित वळवलेली, आणि तिच्या आत मखमलीची पट्टी. कारखान्यात बनलेल्या कॅमेऱ्यांतही बिजागरीपाशीच सील जास्त रुंद का दिसतं, ते इथे हाताने काम केल्यावर उमगतं. निकॉन एफचं सरकतं दार मला आता अधिक आवडतं, सरळ सरकणाऱ्या दाराला हा कमानीचा प्रश्नच नाही.

उरलेल्या तीन खोबणींत काळी लोकर घातली आहे. जुन्या कॅमेऱ्यांतला पॉलियुरेथेन फोम काही वर्षांनी हवेतल्या ओलाव्याने चिकट होतो, मग चुरा होतो, आणि तो चुरा प्रेशर प्लेटवर येऊन बसतो. लोकरीचं तसं होत नाही. सैल झाली तर ओढून काढायची, नवीन दाबायची, लाकडी टूथपिक पुरते.

प्रकाश शिरतोय अशी शंका आली तर बॉडीला दोष देण्याआधी निगेटिव्ह वाचावी. रंगीत निगेटिव्हमध्ये लाल प्रकाश टिपणारा थर पायाच्या, म्हणजे फिल्मच्या पारदर्शक प्लास्टिकच्या, सगळ्यात जवळ असतो. दाराकडून आलेला प्रकाश पायातून पहिल्यांदा त्यालाच भेटतो, म्हणून प्रिंटमध्ये डाग लाल-नारिंगी दिसतो. पुढून आलेल्या प्रकाशाचा डाग पांढुरका असतो. तोच डाग दर फ्रेमला त्याच जागी असेल तर फट चौकटीपाशी आहे, आणि तो सगळ्यात गडद तिथे असतो जिथे फ्रेम जास्त वेळ थांबली होती. डाग फ्रेमच्या हिशोबाने न येता वाढत जाणाऱ्या अंतराने आला तर फट स्पूलच्या कप्प्यात: १४ मिमीच्या स्पूलवर पहिल्या वेढ्याची लांबी ४४ मिमी, शेवटच्या वेढ्याची ६९ च्या आसपास, आणि आतल्या वेढ्यांवर डाग फिका होत जातो. बिजागरीपासच्या फटीची खूण मी अशीच ओळखतो. तिथे टिपून झालेल्या फ्रेम बसलेल्या असतात, त्यामुळे तिथला एक डाग जिवाला फार लागतो.

खटका. रिवाइंडची मूठ वर ओढली की दार उघडावं ही रूढ पद्धत आहे आणि ती सोयीची आहे, पण मूठ पिशवीच्या पट्ट्यात अडकू शकते. माझ्या दाराला दोन हालचाली लागतात: आधी बाजूची लहान पट्टी सरकवायची, मग मूठ. खटक्याची स्प्रिंग पोलादी तारेची आहे. छापलेली प्लास्टिकची स्प्रिंग सतत ताणाखाली हळूहळू नरमते आणि दार मिटलंय की टेकलंय ते सांगता येत नाही. मिटल्याचं बोटाला कळलं पाहिजे, कानालाही. नुसत्या चुंबकांवर दार सोडू नये. ते दार जागेवर आणायला उत्तम, धरून ठेवायला अपुरे.

लहान झाकणांबद्दल थोडक्यात. रिवाइंडच्या दांड्याचं भोक म्हणजे थेट फिल्मच्या कप्प्यात उघडणारं दार आहे. दांड्याला रुंद कॉलर आणि खाली फेल्टची चकती दिली की काम होतं. ट्रायपॉडच्या १/४ इंची नटाचा तळ बंद असावा, नाहीतर लांब स्क्रू सरळ स्पूलपाशी पोचतो. प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या सेलचा कप्पा बाकीच्या बॉडीपासून पूर्ण वेगळा केलाय, तारेच्या वाटेलाही एपॉक्सीची भिंत आहे. अल्कलाइन सेल गळला तर त्यातला क्षार तारेच्या कडेने सरपटत दूर जातो. मी एसआर ४४ हा सिल्व्हर ऑक्साइडचा बटण सेल वापरतो: त्याचा दाब १.५५ व्होल्टवर शेवटपर्यंत जवळजवळ स्थिर राहतो, तर अल्कलाइन एलआर ४४ चा हळूहळू उतरतो आणि मीटर त्याच्याबरोबर चुकत जातं. या झाकणाचे आटे प्लास्टिकचेच आहेत, पण जाड, दीड मिमी अंतराचे. नाण्याने फिरवलेले बारीक आटे फार टिकत नाहीत.

छपाईच्या प्लास्टिकांपैकी एएसए घ्यावं. पीएलए साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडतं, आणि उन्हातल्या बंद गाडीत दाराची कड वाकायला तेवढं पुरतं. पीईटीजी ८० च्या आसपास तग धरतं, एएसए १०० च्या. भिंती २.५ मिमीपेक्षा पातळ नकोत. इन्फ्रारेड फिल्म घालायची असेल तर कार्बन ब्लॅकने रंगवलेलंच प्लास्टिक शोधावं. काही काळे रंग डोळ्यांना अडवतात आणि इन्फ्रारेडला मोकळं सोडतात.

छापून झाल्यावर घाई करू नका. अंधाऱ्या खोलीत दहा-पंधरा मिनिटं डोळे सरावू द्या, मग बॉडीच्या आत पेटता एलईडी ठेवून दार मिटा आणि प्रत्येक कड फिरवून बघा. त्यानंतर एक रोल बळी द्या: एका फ्रेमवर बिजागरी उन्हाकडे, पुढच्या फ्रेमवर खटका, मग तळ, मग माथा, प्रत्येक वेळी काही मिनिटं. मधे दोन-तीन फ्रेम रिकाम्या सोडा, म्हणजे कुठली कड गळते ते निगेटिव्हवर ओळखता येईल. तो रोल धुऊन काठ स्वच्छ निघाले की मगच त्यात महत्त्वाचं काही टिपायला घ्या.