जुनी फौजी टेस्ट दिली, आता जिना उतरवत नाही

ठाण्यात उपवन तलावापासून जवळच एका ग्राउंडवर रविवारी सकाळी या टेस्टची बॅच असते, 499 रुपये, पोहे-चहा त्यातच. नाव टाकत नाही कारण थोडी तक्रार पण करायचीय. भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय म्हणून त्याला सोडायला गेलो आणि तिथल्या ट्रेनरनी, म्हणजे उस्तादांनी, मलाच लायनीत उभं केलं.

टेस्ट अमेरिकन आर्मीच्या 1946 च्या मॅन्युअलमधली. पुलअप्स, स्क्वॉट जंप, पुशअप्स, दोन मिनिटं सिटअप्स आणि 300 यार्ड पळणं, बस. सामान म्हणजे एक बार, तोही गंजलेला, माझ्या तळहाताची सालं निघाली.

त्या दिवशी सुट्टीवर आलेले दोन जवान पण होते, एक कळव्याचा, एक साताऱ्याकडचा. बारवर दोघं असे वरखाली होत होते की भाचा मोजायचंच विसरला. मग स्क्वॉट जंप. दोन्ही हात डोक्यावर, बोटं एकमेकांत अडकवलेली, एक पाय जरा पुढे, मागच्या टाचेवर बसायचं, उडी मारून गुडघे सरळ करायचे आणि हवेतच पाय बदलून दुसऱ्या टाचेवर बसायचं. ऐकायला काहीच नाही, तालमीतल्या बैठका मारलेल्यांना तर हसूच येईल, पण हात डोक्यावर असले की झोका घेता येत नाही, सगळा भार मांड्यांवर. सातारकर 40 उड्यांपर्यंत गप्प होता, मग म्हणाला, "उस्ताद, आमच्या फौजेतल्या बीपीईटी टेस्टला 5 किलोमीटर पळतो, दोर चढतो, 9 फुटी खड्ड्यावरून उडी मारतो, पण हे काहीतरी वेगळंच जळतंय." उस्ताद नुसते हसले, "बोलायला दम आहे ना, चल पुढं." कळवेकराने 60 ला हात टेकले. मी? 17. लिहिलं, झालं.

उस्ताद रिटायर्ड हवालदार, ते एक नंबर. टाचेवर नीट बसलं नाही तर ती उडी मोजत नाहीत, पोरगा असो की काका. बोंब मॅनेजमेंटची. 6 ची वेळ, सुरू पावणेसातला. सिटअप्सला मॅट नाही, खाली खडी. आणि सगळ्यात भारी म्हणजे 200 मीटरच्या ट्रॅकवर दीड राऊंड पळवलं, अहो ते 300 मीटर झालं, 300 यार्ड म्हणजे 274 मीटर! मांड्या संपल्यावर ते 26 मीटर काय असतात ते आमच्या तोंडावर दिसत होतं. काउंटरवरच्या पोराला सांगितलं तर म्हणतो, "काका, तेवढं चालतं." टाइम मात्र तुमच्या नावापुढे तोच लिहिणार.

तरी 5 पैकी साडेतीन स्टार, तीन उस्तादांचे आणि अर्धा पोह्यांचा. गुडघ्याचा त्रास असेल तर जाऊ नका. संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर कळवेकर भेटला, तो पण रेलिंग धरून एकेक पायरी उतरत होता. मला बघून म्हणाला, "काका, कुणाला सांगू नका."