पासवर्ड १२३४ : फुकटच्या कॅड सॉफ्टवेअरमधून होणारी फसवणूक

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये बहुतेकदा एकच कॉम्प्युटर असतो. गिऱ्हाइकाची ड्रॉइंग त्याच्यावरच उघडायची, व्हीएमसीचे, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कापकामाच्या मशीनचे, प्रोग्रॅम त्याच्यावरच करायचे, टॅलीही त्याच्यातच आणि जीमेल तर दिवसभर उघडंच. एक दिवस पार्टीकडून नव्या व्हर्जनमधलं मॉडेल येतं. आपल्या कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या, सॉफ्टवेअरमध्ये ते उघडत नाही, आणि जॉब तर उद्या मशीनवर चढवायचाय. मग कुणीतरी टोरंटवरून, म्हणजे लोकांनी एकमेकांना फाइली वाटायच्या जाळ्यातून, क्रॅक उतरवतं : लायसन्स फोडून फुकट चालवलेलं सॉफ्टवेअर. पुढची फसवणूक इतक्या ठरलेल्या पद्धतीनं होते की तिच्या खुणा आधीच ओळखता येतात.

पहिली खूण म्हणजे कुलूपबंद झिप किंवा रार फाइल, आणि शेजारच्या टेक्स्ट फाइलमध्ये तिचा पासवर्ड. तो बहुतेकदा १२३४ किंवा २०२५ असला काहीतरी सोपाच असतो. पासवर्ड सगळ्यांना उघड सांगायचाच होता, तर कुलूप कुणासाठी? अँटीव्हायरससाठी. कुलूपबंद झिपच्या आत त्याला डोकावता येत नाही. त्याच टेक्स्ट फाइलमध्ये पुढच्या सूचना असतात : अँटीव्हायरस बंद करा, सेटअप ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’नं चालवा. म्हणजे राखणदाराला घरी पाठवायचं आणि तिजोरीची किल्ली आपल्याच हातानं द्यायची. क्रॅकवर अँटीव्हायरस ओरडतोच, असं सगळे सांगतात. त्यात तथ्य आहे, कारण निव्वळ लायसन्स फोडणाऱ्या फाइलीलाही तो ‘हॅकटूल’ म्हणून अडवतो. पण याच सवयीचा फायदा घेऊन खरा ट्रोजन, म्हणजे कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेतलेला व्हायरस, आत शिरतो. दोन्ही इशारे दिसायला सारखेच, आणि दोन्हींवर ‘अलाऊ’ दाबलं जातं.

दुसरी खूण फाइलच्या आकारात असते. झिप असते जेमतेम १०-१५ एमबीची आणि उघडल्यावर सेटअप होतो ७०० एमबीच्या वर. आतला खरा प्रोग्रॅम लहानच असतो, बाकी सगळं शून्यं भरून फुगवलेलं. व्हायरसटोटल या फाइली तपासून देणाऱ्या साइटवर ६५० एमबीपेक्षा मोठी फाइल चढत नाही आणि काही अँटीव्हायरस मोठ्या फाइली तपासायच्या सोडून देतात, म्हणून हा उद्योग. विकतच्या अस्सल कॅड सॉफ्टवेअरचा सेटअप बहुतेकदा काही जीबींचा असतो आणि तो आधीच दाबून भरलेला असल्यानं झिप करूनही फारसा लहान होत नाही.

तिसरी खूण नावात. विंडोज मुळात फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवतं. त्यामुळे ‘ड्रॉइंग डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल नुसती ‘ड्रॉइंग डॉट पीडीएफ’ दिसते, चिन्हही पीडीएफचंच लावलेलं. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’, आणि त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा. हे आजच करून ठेवा. ड्रॉइंग, सिनेमा किंवा पुस्तक म्हणून उतरवलेल्या फाइलीचं शेपूट ईएक्सई, एससीआर, एलएनके किंवा बीएटी निघालं, तर ती न उघडता काढून टाका.

टोरंट फाइलीची तपासणी करतं, असाही एक समज आहे. ते प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, जुळवून बघतं, हे खरं. पण त्यावरून कळतं एवढंच, की पहिल्यांदा चढवणाऱ्यानं जे चढवलं तेच आपल्यापर्यंत आलं. त्यानं विष चढवलं असेल तर विषही बिनचूक पोचतं.

सेटअप चालवल्यावर दोनपैकी एक गोष्ट होते, कधी दोन्ही. पहिली आवाज न करणारी, आणि माझ्या मते जास्त घातक. इन्फोस्टीलर जातीचा प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि सेशन कुकी काही मिनिटांत उचलून पाठवतो. यातले बरेचसे काम झालं की स्वतःला पुसून टाकतात, म्हणून नंतर स्कॅन केलं तरी काही सापडत नाही. सॉफ्टवेअरही कधी कधी छान चालू होतं आणि कुणाला संशय येत नाही. सेशन कुकी म्हणजे देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर मिळणारा बिल्ला. बिल्ला दाखवेल त्याला चप्पल मिळते, नाव कुणी विचारत नाही. म्हणूनच ओटीपी न येताच जीमेल दुसरीकडे उघडतं. चोर लगेच काही करत नाही. पार्टीबरोबरची मेल वाचतो, बिल कधी जाणार ते बघतो आणि नेमक्या वेळी तुमच्याच मेलवरून कळवतो की आमचं बँक खातं बदललंय. पैसे जातात पार्टीचे, पण वर्षानुवर्षांचा व्यवहार तुटतो तुमचा.

दुसरी गोष्ट म्हणजे रॅन्समवेअर, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. क्रॅकमधून घरगुती आणि छोट्या धंद्यांच्या कॉम्प्युटरवर पसरलेलं त्यातलं मोठं नाव स्टॉप, म्हणजेच डीजेव्हीयू. विंडोज अपडेट चालू असल्याची खोटी खिडकी पडद्यावर राहते आणि मागं फाइलींना कुलूप लागत जातं. ड्रॉइंग, टॅलीचा डेटा, फोटो, जोडून ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्कसुद्धा. शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजनं स्वतः ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती, त्याही ते पुसतं. खंडणीच्या चिठ्ठीत बराच काळ ९८० डॉलर मागत, ७२ तासांत संपर्क केला तर निम्मे, ४९०.

असं झालं तर आधी इंटरनेटची वायर काढा, पेनड्राइव्ह-हार्डडिस्क उपसा आणि कॉम्प्युटर बंद करा. घाईनं फॉरमॅट मारू नका. कुलूप लागलेल्या फाइली आणि चिठ्ठी वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा. चिठ्ठीत ‘पर्सनल आयडी’ असतो. त्याचा शेवट इंग्रजी टी आणि १ नं होत असेल तर ऑफलाइन किल्ली, म्हणजे अनेक कॉम्प्युटरना लावलेली एकच किल्ली, वापरलेली असते, आणि ती किल्ली सापडलेली असल्यास एम्सिसॉफ्ट या अँटीव्हायरस कंपनीच्या मोफत डिक्रिप्टरनं (कुलूप उघडणाऱ्या प्रोग्रॅमनं) फाइली सुटू शकतात. आज नाही सुटल्या तर काही महिन्यांनी पुन्हा बघा. फाइली सोडवून देतो म्हणणाऱ्या बाहेरच्या माणसाला आगाऊ पैसे देऊ नका. आणखी एक आशा : हे रॅन्समवेअर प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच बिघडवतं. त्यामुळे मोठ्या झिपमधल्या पहिल्या एकदोन फाइली सोडल्या तर बाकीच्या बऱ्याचदा निघतात. अँटीव्हायरसवाल्यांच्या साइट त्या कॉम्प्युटरवर उघडणार नाहीत, कारण विंडोजच्या होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे साइटच्या पत्त्यांच्या यादीत, त्या अडवलेल्या असतात. हे सगळं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून करा.

चोरीचा नुसता संशय असला तरी दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि गूगल खात्याच्या ‘युवर डिव्हाइसेस’मध्ये जाऊन सगळीकडून साइन आउट करा. बँकेचे पासवर्ड त्यानंतर, कारण ते बदलायची मेल याच पत्त्यावर येते. पैसे गेले असतील तर ज्याच्या खात्यातून गेले त्यानं त्याच तासात १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन करावा आणि आपल्या बँकेलाही कळवावं. मग कॉम्प्युटर पूर्ण पुसून विंडोज नव्यानं टाका. नुसतं क्रॅक अनइन्स्टॉल करून भागत नाही.

आणि मुळात क्रॅकची गरज होती का, हेही बघा. बऱ्याच वर्कशॉपना ड्रॉइंग फक्त उघडून मापं बघायची असतात. डीडब्ल्यूजी आणि डीएक्सएफसाठी ऑटोडेस्कचा डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट मिळतो, सॉलिडवर्क्सची मॉडेल बघायला ई-ड्रॉइंग्ज व्ह्यूअर. काढायचंच असेल तर लिब्रेकॅड, फ्रीकॅड आहेत. ऑटोडेस्कच्या फ्यूजन या कॅड सॉफ्टवेअरचं फुकट पर्सनल लायसन्स मात्र धंद्याच्या कामाला चालत नाही. पार्टीला ‘स्टेप फाइल पाठवा’ (बहुतेक कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी सामाईक फाइल) एवढं सांगितलं तरी व्हर्जनचा प्रश्न बऱ्याचदा तिथंच मिटतो. बॅकअपला दोन हार्डडिस्क ठेवा. एक या शनिवारी, दुसरी पुढच्या शनिवारी. कॉपी झाली की वायर काढून कपाटात.

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ आणि ‘फिल्टर्स’ही एकदा उघडून बघा. तिथं अनोळखी पत्ता बसलेला असेल, तर पासवर्ड बदलल्यावरही तुमची मेल त्याच्याकडे जातच राहते.