फोल्डस्कोप: चादरीचा धागा ओळखायला पुरेसा

स्टॅनफर्डमध्ये मनु प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी घडवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक साधारण १४० पट मोठं दाखवतो. सोलापुरात त्याचा सर्वांत मजेदार उपयोग चादरीवर! काठाचा धागा उसवा, पीळ सोडवा आणि दोन-चार तंतूच काचपट्टीवर ठेवा. वर पाण्याचा थेंब आणि कव्हरस्लिप, म्हणजे झाकायची पातळ पारदर्शक चकती. सुती तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, पॉलिएस्टरचा काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत. अख्खा धागा ठेवलात तर नुसता काळा पट्टा दिसेल, कारण उजेड आरपार जात नाही. पाणी जास्त झालं तर भिंगाला लागून सगळं धूसर होतं. टिपकागदाने कडेने टिपून घ्या.

ज्वारीचं पीठही बघाच. चिमटीला लागेल एवढंच पीठ, त्यावर पातळ केलेलं आयोडीन. स्टार्चचे कोनदार कण निळे-जांभळे होतात.

फोकस मात्र डोकं खातो. अंगठा जरा हलला की चित्र पळतं. सिद्धेश्वर तलावाच्या थेंबातले जीव तर स्वतःच पळतात. त्यात कापसाचे चार तंतू टाका, अडखळतात बिचारे. सूर्याकडे रोखून कधीच बघू नका, खिडकीचा उजेड भरपूर होतो. बारीक जिवाणूंची आशा ठेवून मात्र घेऊ नका.