किन्नौरचा चिलगोजा: सालीसकट घेतलेला बरा

हिमाचलातील किन्नौर जिल्ह्यातल्या रेकाँग पिओच्या बाजारातून पाव किलो चिलगोजे आणले, तेही सालीसकट, कारण पुण्यातील एका दुकानातून पूर्वी घेतलेले सोललेले दाणे खवट निघाले होते. किन्नौरमध्ये यांना ‘नेओजा’ म्हणतात. साधारण 1,800 ते 3,300 मीटर उंचीवरील कोरड्या डोंगरउतारांवर वाढणाऱ्या एका पाइन वृक्षाच्या या बिया असून, शरद ऋतूत झाडांवर चढून शंकू उतरवावे लागतात, हे लक्षात घेतले की चढ्या भावाची तक्रार करवत नाही.

दाणा लांबट, बोटाच्या पेरापेक्षा थोडा लहान. तपकिरी, चकचकीत साल पातळ असल्याने टोकाशी दाताने हलकेच दाबली की सुटते आणि आतून हस्तिदंती रंगाचा, लोण्यासारखा मऊ गर निघतो. चवीला गोडसर, मागाहून राळेचा पुसट वास. तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटे परतल्यास चव अधिक खुलते, मात्र नजर हटली की करपलेच.

वजनाच्या निम्म्याच्या आसपास स्निग्धांश, तोही मुख्यतः असंतृप्त, शिवाय प्रथिने, मॅग्नेशियम आणि जस्त असल्यामुळे मूठभर दाण्यांनी भूक चांगली भागते. औषध म्हणून मात्र कोणी विकू लागल्यास विश्वास ठेवू नये. काही जातींच्या, विशेषतः चिनी पाइनच्या, बिया खाल्ल्यावर तोंडात काही दिवस कडवटपणा राहतो; या दाण्यांनी मला तसा त्रास झाला नाही.

पाकिटावर काढणीचे वर्ष नव्हते, ही मोठी उणीव. उरलेले दाणे हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले आहेत.