इंटर्नशिपसाठी 5,899 रुपये भरले, फुकट राबले आणि वर माझ्याच हातून लोकांच्या पावत्या फाडल्या

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात मी नुसती फसलेली नाहीये, माझ्यामुळे दुसरे पण फसलेत आणि ते सांगायची लाज वाटते. पण परवा कॉलेजमधली एक एफवायची मुलगी म्हणाली, ताई त्या इव्हेंटवाल्यांकडे इंटर्नशिप करू का, त्यांच्या पेजवर तुझा फोटो बघितला. म्हणलं आता गप्प बसण्यात अर्थ नाही.

मी कराडची, पुण्यात कॉमर्सला आहे, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहते. आम्हाला ओजेटी म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग असते, 4 क्रेडिट म्हणजे 120 तास कुठेतरी काम करायचं आणि लॉगबुकवर सही-शिक्का घेऊन यायचं. सीएच्या ऑफिसात, पतसंस्थेत सगळ्यांनी आधीच वशिले लावून ठेवलेले आणि मला तसंही टॅलीत एन्ट्र्या मारत बसायचं नव्हतं, लहानपणापासून गणपतीचे दहा दिवस मांडवातच पडीक असायचे त्यामुळे इव्हेंट मॅनेजमेंट हेच आपलं फील्ड असं डोक्यात बसलेलं. 2025 च्या जुलैत सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सव म्हणून जाहीर केलं, जिकडेतिकडे तीच बातमी, आणि त्यातच ती रील आली. राज्य महोत्सवात काम करायची संधी, फक्त 40 सीट, सर्टिफिकेट, मेंटॉरशिप, कॉलेजचे तास पूर्ण करून मिळतील. मागे ढोल, गुलाल, लक्ष्मी रोडची गर्दी. आता कळतं की तो व्हिडिओ विसर्जनाला रस्त्यावर उभा असलेला कुणीपण काढू शकतो.

इंटरव्ह्यू फोनवर, सात मिनिटं. दोन तासात सिलेक्शन. मग फी. मेंटॉरशिपचे 4,999 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 5,899. मी विचारलं होतं, अगदीच बावळट नाहीये, की सर इंटर्नशिपला आपणच पैसे कसे द्यायचे. तर म्हणाले, इंटर्नशिप फ्रीच आहे गं, फी मेंटॉरशिपची आहे, क्लास लावलास तरी फी देतेसच ना. मला पटलं. ज्याला आपण सर म्हणायचो त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं सर नको, दादा म्हणा, आपण फॅमिली आहोत. तेव्हा छान वाटलं होतं, आता कुणी दोन मिनिटात फॅमिली म्हणलं की मी पर्स चाचपते.

जीएसटी लावला पण पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता. नंबर 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या साइटवर टाकला की फर्मचं नाव येतं, हे मी बीकॉमला असून बघितलं नाही, परीक्षेत मात्र लिहून आले होते. क्यूआर स्कॅन केल्यावर फर्मचं नाही, कुठल्यातरी बाईंचं नाव आलं, तर दादा म्हणाले अकाउंटंट मॅडम आहेत. आणि 'सरकारमान्य' म्हणून जे फ्रेम केलेलं सर्टिफिकेट पाठवलं ते उद्यमचं, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीचं रजिस्ट्रेशन होतं. ते कुणीही घरबसल्या फुकट काढू शकतं, आपण भरलेल्या माहितीवरच मिळतं, आमच्या कॉर्नरच्या वडापाववाल्याकडे पण आहे. ते असणं चुकीचं नाही, पण त्याचा अर्थ सरकारने तुम्हाला इंटर्न ठेवायला मान्यता दिली असा होत नाही.

सेशन चार झाले, ऑनलाइन. एकदा दादांचा कॅमेरा बंद, एकदा आमचंच इंट्रोडक्शन तासभर. पण दुसऱ्या सेशनमधली एक गोष्ट मी विसरणार नाही. स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'परवानग्या' आलं आणि दादांनी ती तीन सेकंदात पुढे ढकलली, म्हणाले हे बोअरिंग आहे, हे मी बघतो, तुम्ही क्रिएटिव्ह बघा. आम्ही सगळ्यांनी चॅटमध्ये हसायचे इमोजी टाकले. एवढं एकच शिकवायचं होतं हो, बाकी या धंद्यात काही नाही शिकवलं तरी चालतं.

6 सप्टेंबरला विसर्जन. आम्हाला मागे 'ऑफिशियल व्हॉलंटियर' लिहिलेले पांढरे टीशर्ट दिले आणि सकाळी नऊला एका चौकात उभं केलं. कुठल्या मंडळाचे व्हॉलंटियर ते कुणालाच माहीत नाही. काम काय तर एका एनर्जी ड्रिंकचे सॅम्पल वाटायचे. तेराशे पाऊच मी एकटीने वाटले असतील. दुपारी एका हवालदारांनी विचारलं, ऑफिशियल म्हणजे कुणाचे, पास दाखवा. आमच्यातल्या मुलाने टीशर्टकडे बोट दाखवलं. ते म्हणाले बाळा हा टीशर्ट आहे, पास नाही, आणि आम्हाला दोरीच्या बाहेर काढलं. जेवण येतंय येतंय म्हणून रात्री दहापर्यंत आलं नाही. मी तरी यालाच ग्राउंडवरचं शिकणं समजत होते. घरी फोन करून पप्पांना सांगितलं की आज मिरवणुकीत ड्युटी होती, पप्पांनी पण सगळ्या गल्लीला सांगितलं.

इथपर्यंत असतं तर सहा हजार बुडाले म्हणून सोडून दिलं असतं. खरा झोल पुढे आहे.

दिवाळीआधी, 11 आणि 12 ऑक्टोबरला, शॉपिंग फेस्टिवल करायचं ठरलं. कोथरूडच्या बाजूला एका शाळेचं ग्राउंड, साठ स्टॉल. आम्हाला 'स्टॉल कोऑर्डिनेटर' केलं, प्रत्येकाला पावतीपुस्तक दिलं, त्यावर आमचंच नाव आणि मोबाइल नंबर छापलेला. दादांचा नंबर कुठेच नाही. दहा स्टॉल आणले की फी परत, असं पण सांगितलं होतं. स्टॉलचे 3,000. मी 11 आणले, म्हणजे 33,000. कॅश घेतली की संध्याकाळी त्याच मॅडमच्या क्यूआरवर टाकायची. मला बोलता येतं, लोकांना माझ्यावर विश्वास बसतो, त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. बहुतेक बचत गटाच्या बायका. त्यातल्या एक ताई धायरीच्या, चकलीची भाजणी आणि तयार चकल्या करतात. त्यांनी गटातून उसने घेऊन तीन हजार दिले, नोटा मोजताना मध्येच म्हणाल्या, बाळा कोपऱ्यातला स्टॉल दे हं, तळणीचा धूर जायला जागा पाहिजे. मी नकाशावर 7 नंबरला पेनने गोल केला.

9 ला संध्याकाळी दादांचा फोन बंद. 10 ला आम्ही तिघं ग्राउंडवर गेलो. मांडव नाही, बांबूची गाडी नाही, एक वासासुद्धा नाही. वॉचमन काका खुर्चीवर बसलेले, म्हणाले उद्या इथे क्रिकेटची टूर्नामेंट आहे, तीन महिन्यांपासून बुकिंग आहे. मग ऑफिसमधलं रजिस्टर दाखवलं. आमच्या फेस्टिवलचं नाव तर सोडा, चौकशीला पण कुणी आलेलं नव्हतं. रात्री अकरापर्यंत अकरा जणींना फोन केले. भाजणीवाल्या ताई काहीच बोलल्या नाहीत, नुसतं विचारलं, मग एवढ्या चकल्यांचं काय करू? चाळीस किलो होत्या.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली. तिथे एक गोष्ट कळली, पैसे गेल्या गेल्या लगेच कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येतात, आमचे पहिले पैसे जाऊन अडीच महिने झालेले. चौकीत साहेबांनी पावतीपुस्तक उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, सही कुणाची? माझी. पैसे कुणी घेतले? मी. मग फसवलं कुणी? त्या प्रश्नाला माझ्या पोटात गोळाच आला. नशीब की क्यूआरवर टाकलेल्या प्रत्येक पैशाचा स्क्रीनशॉट आणि दादांचे व्हॉइस मेसेज ठेवलेले होते, त्यावर आमचे जबाब साक्षीदार म्हणून घेतले. कॉलेजनेही सर्टिफिकेट मान्य केलं नाही, लेटरहेडवरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं.

नंतर आमच्या पेठेतल्या मंडळाच्या खजिनदार काकांकडे रडत गेले. त्यांनी स्वतःचं पावतीपुस्तक समोर टाकलं. वर धर्मादाय आयुक्तांकडचा रजिस्ट्रेशन नंबर, छापील अनुक्रमांक, प्रत्येक पावतीची स्थळप्रत म्हणजे पुस्तकातच राहणारी कॉपी, आणि संध्याकाळी स्थळप्रती जुळल्याशिवाय काका घरी जात नाहीत. माझ्या पुस्तकात स्थळप्रतच नव्हती. मग त्यांनी फाईल काढली, मांडवाची महापालिकेची परवानगी, पोलिसांची, महावितरणचं तात्पुरतं मीटर, स्पीकरची वेळ, एरवी रात्री दहापर्यंत आणि सरकार सूट देईल तेवढेच दिवस बारापर्यंत. रजिस्ट्रेशन नसलेल्या मंडळाला पण वर्गणी गोळा करायला धर्मादायकडून तात्पुरती परवानगी काढावी लागते, सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्याचं कलम 41 सी म्हणे. दादांनी तीन सेकंदात उडवलेली स्लाइड काकांनी मला दोन संध्याकाळी शिकवली, चहा पण त्यांचाच. माझे 120 तास आता तिथेच चाललेत, कॉलेजने पत्र मान्य केलंय, मला मांडववाल्याचं बिल तपासायचं काम आहे, फुटाचा हिशोब करताना ते लोक कसे गंडवतात ती वेगळीच स्टोरी.

तर कुणी पैसे घेऊन इंटर्न ठेवत असेल तर आधी ग्राउंडच्या बुकिंगची पावती आणि परवानगीचं पत्र मागा, आणि तुमच्या नंबरने छापलेलं पावतीपुस्तक तर हातात घेऊच नका, कितीही गोड बोलले तरी. आई-बाबांना आधी सांगा. मी पप्पांना डिसेंबरमध्ये सांगितलं. ते चिडले नाहीत, ते जास्त लागलं. ताईंचे 3,000 पप्पांनी दिले, बाकीच्यांचे मी ट्यूशन घेऊन थोडे थोडे फेडतेय, अजून चार जणी राहिल्यात.

त्यांचं पेज नाव बदलून परत सुरू झालंय. नवीन बॅचच्या जाहिरातीत पांढऱ्या टीशर्टमध्ये दोन्ही हातात पाऊच धरून हसणारी जी मुलगी आहे ती मी. फोटो सकाळी साडेअकराचा आहे, तेव्हा अजून जेवण येणार असं वाटत होतं.