फोनच म्युझिक प्लेअर: आठ महिन्यांनंतर

वेगळा प्लेअर बंद, सगळी गाणी फोनवर: फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेल्या) फाइली, टाइप-सी डोंगल (हेडफोनची गोल पिन फोनच्या टाइप-सी पोर्टला जोडणारा छोटा जोड) आणि ३.५ मिमी पिनेचे साधे वायरवाले हेडफोन. आवाजाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती फोनच्या एकुलत्या एका भोकाबद्दल. चार्जर, हेडफोन, पेनड्राइव्ह, सगळ्यांचा डोळा त्यावरच.

पहिली फसगत डोंगल घेतानाच होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन जातींचे मिळतात, बाहेरून सारखेच. एकात डॅक, म्हणजे डिजिटलचा अ‍ॅनालॉग करणारी चिप असते. दुसऱ्यात नुसत्या तारा. तारांवाला चालायचा तर फोननेच त्या पोर्टमधून अ‍ॅनालॉग आवाज सोडायला हवा. बरेच फोन सोडत नाहीत, मग डोंगल लावूनही गाणं स्पीकरवरच वाजतं. 'सगळ्या फोनला चालतो' या उत्तरावर जाऊ नका. टाइप-सी लॅपटॉपला लावून बघा: आवाजाच्या यादीत नवीन नाव आलं तर आत चिप आहे.

अँड्रॉइड साधारणपणे ४४.१ किलोहर्ट्झची (म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची) फाइल ४८ वर नेऊन वाजवतं. ते टाळायला यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं अ‍ॅप लागतं. संध्याकाळच्या पीएमपी बसमध्ये हा फरक अजिबात कळत नाही. रात्री घरी कळला तर कळतो.

ऐकता ऐकता चार्जिंग हवं तर वाय आकाराचा जोड घ्या, पण चार्जिंग आणि ऑडिओ एकाच वेळी चालणारा; नाहीतर चार्जर लावला की गाणं बंद. गाडीत स्टिरिओला ऑक्स वायर आणि फोनला गाडीचाच चार्जर असं एकदम लावलं, की इंजिनाबरोबर चढत जाणारी कुंई ऐकू येते. दोन्हीकडून ग्राउंड (वीज परत जाण्याची तार) जोडलं जाऊन लूप तयार होतो. ऑक्स वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर टाकला की ती जाते. चार्जरऐवजी पॉवर बँक लावली तर येतच नाही.

चार-पाच महिन्यांनी खिशात जरा हललं तरी गाणं थांबायला लागतं. लगेच नवा डोंगल आणू नका. पोर्टच्या तळाशी खिशातला कापूस ठासून बसलेला असतो, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. टाचणी नको, आतली पट्टी नाजूक असते.

हातचं गेलं ते एफएम. रेडिओचा अँटेना म्हणजे हेडफोनची वायर, आणि डॅकवाल्या डोंगलमधून ती रेडिओच्या चिपपर्यंत पोचतच नाही. १०१ वरची विविध भारती ऐकायची तर नेट जाळा, नाहीतर माळ्यावरचा ट्रान्झिस्टर खाली काढा.