'हेल्सा पो'ने केलेला घात: स्वीडिश भाषांतराचं ॲप, आठ महिन्यांनंतर

वर्षाची वर्गणी 599 क्रोना, तीही एकरकमी. ॲप इंग्रजी वाक्याचं स्वीडिश करून देतं आणि ते आवाजात वाचूनही दाखवतं. आता थेट तक्रारीवर येते.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईची आई आजारी होती. 'आईला माझा नमस्कार सांग' एवढंच कळवायचं होतं. इंग्रजीत 'से हॅलो टू युवर मदर' टाइप केलं, ॲपने 'हेल्सा पो दिन मम्मा' दिलं, मी पाठवून मोकळी झाले. उत्तर आलं, 'रविवारीच जाऊन आले!' म्हणजे मी तिला बजावलं होतं, जरा आईला भेटून ये.

एसएफआयच्या वर्गात (स्थलांतरितांसाठीचा स्वीडिशचा वर्ग; नगरपालिकेचा, फुकट) बाईंनी उलगडून सांगितलं. 'पो'वर जोर दिला की भेटायला जाणं. 'हेल्सा'वर जोर दिला की समोरच्याला नमस्कार करणं. आणि निरोप धाडायचा असेल तर 'हेल्सा तिल'. लिहिताना जोर दिसत नाही, हे मान्य. पण ॲपमधला आवाज दोन्ही अर्थांना एकाच सुरात वाचतो! त्या आवाजासाठीच तर पैसे मोजले होते.

तक्रार केली. अकरा दिवसांनी 'तुमचा अभिप्राय मोलाचा आहे' एवढं उत्तर. पैसे परत मागितले, तर मुदत संपली म्हणे.

आता थोडं स्वतःच्या विरोधात बोलते. पहिले दोन महिने मी नुसती क्रियापदं टाकत होते, आणि स्वीडिशमध्ये ते चालत नाही. 'स्तेला इन' घ्या: मीटिंग रद्द करणं, दूध फ्रीजमध्ये ठेवणं आणि घड्याळ लावणं, तिन्हीला तेच. पूर्ण वाक्य द्यायला लागल्यावर ॲप बरंच सुधारलं, की मी सुधारले कोण जाणे. इंग्रजी 'पुट'लाही ते आता बहुतेक वेळा बरोबर शब्द देतं: पुस्तक आडवं ठेवायचं तर 'लेग्गा', बाटली उभी ठेवायची तर 'स्तेला', खिशात घालायचं तर 'स्तोप्पा'. ताटाला मात्र 'स्तेला' लागतं. ताट आडवं पडलेलं असलं तरी त्याला बूड आहे, म्हणून ते उभं! हे ॲपला जमलं तेव्हा एक तारा वाढवला होता. 'हेल्सा पो'नंतर परत काढून घेतला.

खरी गंमत मला उशिरा कळली. इंग्रजीच्या एका 'नो'ला (know, म्हणजे जाणणं) स्वीडिशमध्ये तीन क्रियापदं आहेत: वेता, कुन्ना, शेन्ना. मी पाठ करत बसले होते. मग लक्षात आलं, आपल्याकडेही तीनच आहेत! मला माहीत आहे, मला पोहता येतं, मी त्याला ओळखते. जागच्या जागी बसतात. इंग्रजी 'गो'चंही तसंच: स्वीडिशमध्ये पायी गेलं तर 'गो' (उच्चार तोच, शब्द वेगळा), गाडीने तर 'ओका', आणि आपण 'चालत जाते' म्हणतोच की. मधे इंग्रजी घालून मी आठ महिने दोनदा चुकत होते, वर त्याचे पैसे भरत होते.

फुकटात हवं असेल तर स्वीडिश अकादमीचे शब्दकोश ऑनलाइन आहेत, आणि नवख्यांसाठी लेक्सिन. ते उदाहरणं देतात. दिसायला जुनाट आहेत, पण माझ्या पैशाला हात लावत नाहीत.

वर्गणीचे चार महिने उरलेत, म्हणून ॲप ठेवलंय. आज सकाळी पुन्हा 'से हॅलो टू युवर मदर' टाकून पाहिलं. अजूनही तिला भेटायलाच पाठवतं.